इंडी बँडबरोबर दौऱ्यावरचा एक दिवस नेमका कसा जातो?

प्रश्न विचारणारी व्यक्ती पुण्यात टीवायला आहे. मित्रांच्या बँडनं "मॅनेजर म्हणून चल" म्हटलंय. दिवस कसा असतो, पैसे सुटतात का आणि घरी काय सांगायचं, असे तीन प्रश्न आहेत. टीवाय म्हणजे माझ्यापेक्षा बरंच लहान, म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

मी साडेचार वर्षं हेच काम केलं. आमचा बँड इंडी, म्हणजे कुठल्या संगीत कंपनीशी न बांधलेला: स्वतःची मराठी गाणी वाजवणारे पाच जण आणि सहावा मी. मला एकही वाद्य येत नाही, टाळ्यासुद्धा ठेक्यात पडत नाहीत. बँडचं नाव सांगत नाही, कारण बँड आता उरलेला नाही आणि त्यातले दोघे एकमेकांचे फोन घेत नाहीत.

२०१० मध्ये एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव पुण्यात सुरू झाला आणि आमच्या वयाच्या पोरांच्या डोक्यात बँडचं जे चित्र बसलं ते तिथलं. मोठं स्टेज, दिवे, मनगटाला प्रवेशाची पट्टी बांधलेली हजारो माणसं. आमचा दौरा म्हणजे १७ सीटर टेम्पो ट्रॅव्हलर, मागच्या दोन रांगांत सामान, आणि ज्याला झोप जास्त त्यानं गिटारच्या अँपला (अँप्लिफायरला) टेकून झोपायचं.

एकच दिवस सांगतो. जानेवारी महिना, पुणे ते कोल्हापूर आणि त्याच रात्री परत. एका कॉलेजचं गॅदरिंग.

पहाटे साडेपाचला नळ स्टॉप. तिथं त्या वेळी पोहे मिळतात म्हणून सगळे वेळेवर येतात, नाहीतर बेसिस्टला सहाच्या आधी उठवणं कोणाच्या बापाला जमलं नसतं. सामान आदल्या रात्रीच गाडीत भरलेलं. आमचे डाग, म्हणजे सामानाचे नग, २३. हा आकडा मी अजून झोपेत सांगेन. माझे थोरले काका अनेक वर्षं नाटकाच्या बसबरोबर फिरले, नेपथ्य लावायचे. त्यांच्याकडच्या प्रत्येक ट्रंकेवर रंगानं नंबर आणि झाकणाच्या आत यादी चिकटवलेली. मी तेच उचललं. १ नंबर स्नेअर (ड्रमसेटमधला छोटा ड्रम), २ सिंबल्सची (ड्रमच्या झांजांची) बॅग, ३ किक पेडल (मोठा ड्रम पायानं वाजवायचं), असं करत २३ नंबरला माझी पिशवी: गॅफर टेप, नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या, टेस्टर, मल्टिमीटर, पाना, क्रोसिन, इनो. भरताना २३, उतरवताना २३. पहिल्या महिन्यात पोरं हसली. नंतर एकदा किक पेडल नाशिकला राहिलं आणि ड्रमरनं अख्खा कार्यक्रम उसन्या, किरकिरणाऱ्या पेडलवर काढला, तेव्हापासून तेसुद्धा मोजायला लागले.

(आख्खा ड्रमसेट न्यावा लागतो का, असं वाटेल. बहुतेक वेळा नाही. मोठे ड्रम आयोजक भाड्यानं आणतात. स्नेअर, सिंबल्स आणि पेडल मात्र ड्रमर आपली आपणच नेतो, जशी चष्म्याची अदलाबदल करत नाहीत तसं.)

खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी, असे चार टोलनाके. खंबाटकी चढेपर्यंत सगळे झोपतात, साताऱ्याला उठून भांडतात की गाणी कोणाच्या फोनवरची लावायची. गंमत म्हणजे बँडच्या गाडीत सगळ्यात कमी वाजतं ते बँडचं स्वतःचं गाणं. मी पुढे, तात्यांच्या शेजारी. तात्या म्हणजे आमचे ड्रायव्हर. त्या सीटवर मॅनेजरनंच बसायचं असतं, ते का ते पुढे येईल.

साडेअकराला पोचलो. साउंडचेक १ वाजता ठरला होता. १ वाजता स्टेजवर रांगोळीची स्पर्धा चालू होती.

आता इथं जरा थांबतो, कारण तुझ्या कामाचा गाभा हाच आहे. कोल्हापूरचा साउंडवाला पन्नाशीचा माणूस होता, सगळे त्यांना मामा म्हणत. गणपतीत मंडळांना स्पीकरच्या भिंती लावून देणारा. आमच्या गायकानं त्यांना आठवडाभर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर नऊ पानी इंग्रजी टेक रायडर, म्हणजे स्टेजवर काय काय लागेल त्याची यादी, पाठवलेला. कुठला माइक, किती डीआय बॉक्स (वाद्य थेट मिक्सरला जोडायच्या डब्या), मॉनिटरमध्ये (कलाकारांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) कोणाला काय ऐकू यायला हवं, सगळं शिस्तीत लिहिलेलं. मामांनी तो उघडलाच नव्हता. गायक तापला. मी चहा मागवला, एका कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला स्टेज काढलं आणि "मामा, इथं ड्रम, इथं बेस, हा गातो आणि गिटारपण वाजवतो" असं मराठीत लिहून दिलं. मिक्सरला जोडायच्या एकूण १४ लाइन. मामांनी कागद मिक्सरवर चिकटवला आणि म्हणाले, "ह्ये आधी द्यायचं की ओ." त्यानंतर मी रायडर कायम एका पानाचा, मराठीत आणि चित्रासकट पाठवला.

साउंडचेक शेवटी सव्वाचारला सुरू झाला. पहिल्याच ओळीला गायकाचे ओठ माइकला लागले आणि तो ओरडून मागे सरला. शॉक. चटका बसतो तसा, ओठावरच. स्पीकरमधून हमही (सततची गुणगुण) येत होता.

असं का होतं ते नीट समजून घे, कधी ना कधी तुझ्यासमोरही होईल. गिटारचा अँप विजेच्या एका बोर्डावर लावलेला, मिक्सर दुसऱ्या. दोन्हीकडची अर्थिंग एकमेकांशी जुळत नव्हती. गायकाचे हात गिटारच्या तारांवर, म्हणजे अँपच्या अर्थिंगला. ओठ माइकच्या जाळीवर, म्हणजे मिक्सरच्या अर्थिंगला. मध्ये माणूस. मी मल्टिमीटरची एक पिन तारेला आणि एक जाळीला लावली तर सत्तरच्या घरात व्होल्ट दाखवत होता.

आमचा गिटारिस्ट इंजिनियर. तो म्हणाला, अँपच्या प्लगची मोठी, अर्थिंगची पिन काढून टाकू, प्रश्न मिटेल. मामा त्याच्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "पिन काढली तर हम जाईल. आणि एक दिवस पोरगंबी जाईल." मग ते मंडपाच्या मागे जनरेटरकडे गेले. अर्थिंगची सळई कोरड्या मुरमात ठोकलेली होती. कोरड्या जमिनीत अर्थिंग नीट धरत नाही. मामांनी मेसमधून मूठभर मीठ आणि दोन बादल्या पाणी मागवलं, सळईच्या बुडाशी ओतलं. अँपची लाइन मिक्सरच्याच बोर्डावरून घेतली, म्हणजे दोघांची अर्थिंग एक झाली. लाइटचे डिमर त्याच फेजवर होते, ते वेगळ्या फेजवर टाकले, तशी स्पीकरची गुणगुण थांबली. परत मोजलं तर एक व्होल्टसुद्धा नाही. तरी गायक माइकला हात लावेना, तेव्हा मामांनी फोमची टोपी चढवून दिली. खरं तर तिची गरज उरली नव्हती, पण गायकाला धीर आला.

हे एवढं सविस्तर सांगतोय, कारण बँडमधली मुलं बाहेरगावच्या साउंडवाल्याशी बोलताना फार लवकर वर चढतात. "आमच्या पुण्यात" हे दोन शब्द तोंडातून निघाले की समज, मॉनिटर गेला. वर्षाकाठी शंभर स्टेज लावणाऱ्या माणसाला अहो-जाहो करायला पैसे पडत नाहीत.

कार्यक्रम आठचा. बक्षीस समारंभ, मग प्रमुख पाहुण्यांचं भाषण, मग पाहुण्यांना भाषणातली राहिलेली एक आठवण. नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी आम्ही स्टेजवर. आणि दहाला बंद. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस बहुतेक गणपती-नवरात्रासारख्या सणांतच जातात, कॉलेजच्या गॅदरिंगला कोण देणार? १९५३ पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव एकेकाळी रात्रभर रंगायचा, त्यालाही घड्याळाकडे बघावं लागलं, तिथं आमची काय कथा. नऊ पन्नासला एक हवालदार येऊन मिक्सरशेजारी उभे राहिले. काही बोलले नाहीत, नुसतं मनगट वर धरलं.

११ गाण्यांची यादी मी विंगेत बसून ६ वर आणली. कुठलं गाणं गाळायचं हे आधीच ठरवून ठेवावं लागतं, कारण ऐनवेळी प्रत्येकाला आपलंच गाणं राखायचं असतं. आमच्या यादीत तीन गाण्यांपुढे पेन्सिलीनं फुली मारलेली असायची, ती फुली फक्त मला आणि ड्रमरला माहीत.

गाणी चांगली झाली. पहिल्या दोन गाण्यांना "डीजे कधी लागणार?" चालू होतं. चौथ्याला हॉस्टेलच्या मेसमधले आचारी बाहेर येऊन मागे उभे राहिले, हाताला पीठ तसंच. पाच मिनिटं कमी असताना ड्रमरनं सहावं गाणं एवढं जोरात धरलं की ते चार मिनिटांतच संपलं.

आता पैसे. नाटकात याला 'नाईट' म्हणतात, आमच्यात फी. ठरली होती ४५,०००. टीडीएस १० टक्के कापून ४०,५००. गाडी आपली ४८० किलोमीटर, टोल आणि तात्यांचा भत्ता धरून १३,५००. (गाडीवाले दिवसाला किमान ३०० किलोमीटर लावतात हे लक्षात ठेव. म्हणजे लोणावळ्याला जाऊन आलात तरी बिल ३०० चंच.) खाणंपिणं ३,२००. तारा, काठ्या, बॅटऱ्या १,८००. बँडच्या डब्यात ५,०००. राहिले १७,०००, भागिले सहा. माणशी अठ्ठावीसशेच्या आसपास, पहाटे साडेपाच ते दुसऱ्या पहाटे साडेचार. तेही लगेच नाही. अर्धे आगाऊ घेतले होते, उरलेले अर्धे ७० दिवसांनी आले, माझ्या सतरा फोननंतर. अर्धे पैसे खात्यात आल्याशिवाय गाडी बुक करायची नाही, एवढं एक पथ्य बँडकडून कबूल करून घे. मित्र आहेत म्हणून सोडू नकोस, उलट मित्र आहेत म्हणूनच आधी बोल. आणि तुझा वाटा इतरांएवढाच असणार का, हेही. "तू काय वाजवत नाहीस ना" हे वाक्य मी पहिल्या सहा महिन्यांत दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा नाही, कारण मधल्या काळात मी एकदा आजारी पडलो आणि ते माझ्याशिवाय सोलापूरला जाऊन आले.

तांबडा-पांढरा खाऊन पावणेबाराला निघालो. इथं ती पुढची सीट. जानेवारी म्हणजे साखर कारखान्यांचा हंगाम. कोल्हापूर-कराड पट्ट्यात रात्री उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, कित्येकांना मागचा दिवा नाही आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. समोर नुसता काळोख दिसत असतो आणि अचानक तो काळोख जवळ येतो. पाच कलाकार मागे घोरत असताना ड्रायव्हरशी बोलत राहायला एक माणूस जागा लागतो. तात्यांना मी दुपारी जबरदस्तीनं तीन तास झोपवलं होतं, आयोजकांकडून एक खोली फक्त त्यांच्यासाठी मागून घेऊन. बँडला खोली नसली तरी चालते. कराडजवळ चहा, खंबाटकीच्या बोगद्याआधी पुन्हा चहा. तात्यांच्या मुलीच्या लग्नाची यादी मला त्या रात्री पाठ झाली.

साडेचारला पुण्यात सामान उतरवलं. २२. परत मोजलं. २२. १७ नंबर, केबलची पिशवी, कोल्हापुरात. अंधारात भरताना मीच मोजलं होतं आणि मीच चुकलो होतो. नऊ वाजता मामांना फोन केला, त्यांनी पिशवी आधीच बाजूला काढून ठेवली होती. संध्याकाळच्या एसटीनं पाठवली, मी स्वारगेटला जाऊन घेतली. प्रत्येक केबल गुंडाळून, रबर लावून. आम्ही आजवर कधी तशी गुंडाळली नव्हती.

तर, जा. टीवायचा अभ्यास बुडेल, पण तो तसाही बुडतोच. निदान दोन-तीन फेऱ्या करून बघ, पहिली शक्यतो मुंबईचीच धर, द्रुतगती मार्गानं सकाळी जाऊन रात्री परत येता येतं.

घरी काय सांगायचं, तर खरं तेच सांग: कुठं चाललोय, गाडी कोणाची, ड्रायव्हरचा नंबर काय. परतायची वेळ विचारली तर "रात्री उशिरा" म्हणू नकोस, सरळ "पहाटे साडेचार" म्हण. आणि घराची किल्ली बरोबर ठेव. मी पहिल्या वेळी बेल वाजवली होती.