मुस्लिम धर्मोपदेशक सोशल मीडियावर लोकांना कसं पटवतात?

तुम्ही विचारलंय की मोबाइलवरचे मौलाना असं काय सांगतात की तरुण पोरं एवढी भारावून जातात. मी मिरजेचा, मराठी शाळेत शिकलेला मुसलमान. रात्रीची इशाची नमाज झाली की आमच्या घरात कुणाच्या ना कुणाच्या फोनवर बयान, म्हणजे धार्मिक प्रवचन, लागलेलं असतं. तिथे जे दिसतं तेच सांगतो.

आधी मशिदीतलं बघा. जुम्याचा खुतबा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजेचं ठरलेलं भाषण, अरबीत. त्याच्या आधीचं बयान उर्दूत, तेही मदरशाच्या जड उर्दूत. घरी दखनी आणि बाहेर मराठी बोलणाऱ्या पोराच्या ते निम्मं डोक्यावरून जातं. लग्न, कर्ज, मनात घर करून बसलेली उदासी असल्या गोष्टी इमामसाहेबांना तोंडावर विचारायची छातीही होत नाही. फोनला मात्र रात्री एक वाजताही विचारता येतं. झिंबाब्वेचे मुफ्ती मेंक सोप्या इंग्रजीत दोन ओळी लिहितात, कुणाला माफ करावं, खचू नये अशा. पाकिस्तानचे तारिक जमील दुआ मागताना स्वतःच रडतात. आमच्या अम्मीचा पदर तेव्हा डोळ्यांना लागलेला असतो.

डॉ. झाकीर नाईक यांची तऱ्हा निराळी. मुंबईचा एमबीबीएस डॉक्टर, अंगात सूट-टाय, डोक्यावर टोपी. कुराणातली सुरा (अध्याय) अमुक, आयत (ओळ) तमुक, असे आकडे न अडखळता धडाधड सांगायचे. घरी येऊन ते आकडे कुणी ताडून बघत नव्हतं. आकडे पाठ आहेत म्हणजे माणूस खराच बोलत असणार, असं आम्ही धरून चाललो. मीही कॉलेजात असताना त्यांच्या सीडी आणून बघितल्यात. 2016 मध्ये त्यांच्या संस्थेवर बंदी आली, ते मलेशियात राहिले, पण जुन्या भाषणांचे तुकडे अजून फिरतात.

हे तुकडे फिरवतं कोण? बहुतेक वेळा ऐकणारेच. ‘माझ्याकडून एक आयत का होईना, पुढे पोहोचवा’ अशी हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे. तिच्या आधारावर क्लिप फॉरवर्ड करणं हेच सवाबचं, म्हणजे पुण्याचं, काम होऊन बसतं. माझ्या मते सगळ्यात जोर इथे आहे. दुसऱ्या कुठल्या जाहिरातीला असा फुकट आणि मनापासून राबणारा माणूस मिळत नाही.

आता मला खटकतं ते सांगतो. माझा चुलत भाऊ बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होता. त्याला पन्नास सेकंदांची एक क्लिप आली. काळा पडदा, पांढरी अक्षरं, मागे नुसत्या गळ्यातून काढलेला गुणगुणता सूर (वाद्यं बऱ्याच उलेमांना, म्हणजे धर्माच्या विद्वानांना, मान्य नाहीत, म्हणून सूर तेवढा). एकच वाक्य: बँकेची नोकरी हराम. पोरानं पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. चाचांना कळलं तेव्हा घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही.

मी त्याला ओळखीच्या एका आलिमांकडे, म्हणजे धर्म शिकलेल्या जाणकाराकडे, घेऊन गेलो. त्यांनी उत्तर द्यायच्या आधी अर्धा तास याच्याकडूनच काढून घेतलं. बँकेत विभाग कुठला, काम काय, घरात कमावतं कोण, दुसरी नोकरी मिळण्यासारखी आहे का. म्हणाले, व्याजाच्या लिखापढीपासून लांब राहता आलं तर बरंच. पण बेटा, घर उपाशी ठेवून तू कुठली नेकी कमावणार? फतवा म्हणजे धर्माच्या प्रश्नावर जाणकारानं दिलेलं मत, आणि त्याची जुनी रीत हीच आहे, विचारणाऱ्याची परिस्थिती बघून उत्तर द्यायचं. क्लिपवाल्याला समोर कोण बसलंय हेच माहीत नसतं, म्हणून त्याचा आवाज एवढा ठाम असतो. आणि नेमका तोच ठामपणा विशीतल्या पोराला खरा वाटतो.

भावानं परीक्षा दिली. क्लिपा तो अजूनही बघतो, मीही बघतो. फक्त हलाल-हरामचं काही आलं की आधी मला पाठवून विचारतो, ‘दादा, याचं पूर्ण बयान कुठे मिळेल?’