सोसायटीत आरोग्याचे उपक्रम केले तर दवाखान्याचा खर्च खरंच वाचतो का?

तुमचा प्रश्न असा, की वर्गणी काढून योगवर्ग, चालण्याचा गट वगैरे सुरू केलं तर लोकांचा औषधपाण्याचा खर्च कमी होईल का. आमच्या सोसायटीचा मी तीन वर्षं खजिनदार होतो, तेव्हा हाच प्रश्न मलाही पडला होता. खर्च वाचू शकतो, पण तुम्ही कुणाला गोळा करता त्यावर सगळं आहे.

आमच्या सहाच्या योगवर्गाला रोज तीच अकरा माणसं. त्यातली नऊ आधीपासूनच टेकडी चढणारी. ज्यांच्यासाठी सतरंज्या आणल्या ते गेटबाहेर वडापाव खाता खाता आम्हाला हात करायचे. (आठवड्यातून दोनदा मीही त्यांच्यात असायचो.)

अमेरिकेत एका मोठ्या दुकानसाखळीच्या १६० ठिकाणच्या सुमारे ३३,००० कर्मचाऱ्यांवर असाच प्रयोग झाला. कुठल्या दुकानांत कार्यक्रम चालवायचा ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. दीड वर्षाने लोक म्हणाले, आम्ही व्यायाम वाढवलाय. पण वजन, रक्तदाब, दवाखान्याचा खर्च, कशातच म्हणावा असा फरक नव्हता. हे निकाल २०१९ चे.

याउलट चेन्नईचा अभ्यास. त्यांनी सरसकट सगळ्यांना न घेता शुगर बॉर्डरवर असलेली ५३१ माणसं निवडली. एका गटाला आहार आणि चालण्याचा सल्ला, शिवाय महिन्याला एक फोन. तीन वर्षांत काहीही न केलेल्या गटात ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, सल्ला घेणाऱ्यांत ३९. मधुमेहाचा एक रुग्ण टाळायला साधारण ४७,००० रुपये लागले, तेही त्या काळचे. म्हणजे हे फुकट नाहीच. पण मधुमेहाच्या गोळ्या, स्ट्रिपा, डोळ्यांची तपासणी, पुढे किडनी, असं आयुष्यभराचं बिल ज्याच्या घरात येतं त्याला हा आकडा जड वाटणार नाही.

आणखी एक मेख आहे. अमेरिकेत ज्येष्ठांचं बिल मेडिकेअर ही सरकारी विमा योजना भरते. वायएमसीए या समाजसेवी संस्थेच्या मधुमेह टाळण्याच्या वर्गांमुळे १५ महिन्यांत माणशी २,६५० डॉलर वाचले असा हिशेब लागल्यावर मेडिकेअरने २०१८ पासून अशा वर्गांचे पैसे द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे २०२१-२२ मध्येसुद्धा आरोग्यावरच्या एकूण खर्चातला ३९ टक्के लोकांनी थेट खिशातून केला. म्हणजे बचत होते ती घराघरात, सोसायटीच्या ताळेबंदात ती कधीच दिसत नाही. वार्षिक सभेत मला हेच समजावता समजावता घाम फुटला.

शेवटच्या वर्षी आम्ही योगशिक्षकांचं मानधन थांबवून पस्तिशीपुढच्या सगळ्यांची शुगर तपासून घेतली. बॉर्डरवर चौदा जण निघाले. बी विंगमधल्या निवृत्त शिक्षिका काकू त्यांना महिन्यातून एकदा फोन करतात. दोघांना मधुमेह झालाच. बाकीच्यांना काकू विचारतात, "काल रात्री भात किती वेळा घेतला?" आणि खोटं बोललेलं त्यांना लगेच कळतं. त्या चौदांत मी आहे, म्हणून सांगतोय.