घनता रेषेत दिसते, उंची कुठून येते?

प्रश्न : सूर्यावरच्या रेडिओ स्फोटाचं एक चित्र पाहण्यात आलं. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर वारंवारता. 90 मेगाहर्ट्झला उमटलेली तिरकी रेषा दोन सेकंदांत 45 मेगाहर्ट्झपर्यंत घसरली होती. यावरून करोनाची, म्हणजे सूर्याभोवतीच्या विरळ बाह्य वातावरणाची, घनता आणि इलेक्ट्रॉनांचा वेग कळतो म्हणे. एवढ्याशा रेषेवरून हे कसं काढतात?
– एक वाचक, कराड

उत्तर : तुम्ही पाहिलेला स्फोट टाइप तीनचा, म्हणजे वारंवारता झपाट्याने घसरणारा. एम.एस्सी.च्या वर्गात मी हीच रेषा फळ्यावर काढते आणि आकडेमोड मुलांकडून करून घेते. वर्गमूळ आलं की पुरे.

करोनात इलेक्ट्रॉन सुटे असतात. ते जरा बाजूला सरकले की मागे उरलेले धनभार त्यांना ओढून आणतात. परतताना ते वेगाने पलीकडे निघून जातात, पुन्हा ओढले जातात. दाटी जास्त तर ओढ जास्त, आणि हेलकावे जलद. एका घन सेंटीमीटरमधल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येचं वर्गमूळ काढून त्याला 9 ने गुणा. हेलकाव्यांची वारंवारता किलोहर्ट्झमध्ये मिळते. म्हणजे 90 मेगाहर्ट्झला 10 कोटी इलेक्ट्रॉन, 45 ला अडीच कोटी. समुद्रसपाटीच्या हवेत तेवढ्याच जागेत 27 वर अठरा शून्यं इतके रेणू मावतात, यावरून करोना किती विरळ ते पाहा.

सौरज्वालेच्या वेळी सुटलेला इलेक्ट्रॉनांचा झोत वर जाताना वाटेतल्या प्लाझ्माला, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन आणि धनभार यांच्या वायूला, हे हेलकावे देतो. त्यातली थोडी ऊर्जा रेडिओ लहरी होऊन बाहेर पडते. वर घनता कमी, म्हणून वारंवारताही घसरत जाते. पण लहरी कधी मूळ वारंवारतेला निघतात, कधी दुपटीला. तुमचे 90 मेगाहर्ट्झ दुपटीचे असतील, तर तिथली खरी घनता 10 कोटी नव्हे, अडीच कोटी. चित्रात जोडरेषा दिसली तर खालची मूळ समजतात. एकटी रेषा असेल तेव्हा निर्णय अवघड, आणि तो कसा घेतला हे लिहायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

आता वेग. त्यासाठी अंतर लागतं, आणि ते रेषेत नाही. 10 कोटींची घनता नेमकी कोणत्या उंचीवर, हे एखाद्या प्रतिमानावरून, म्हणजे कोणत्या उंचीवर किती घनता हे सांगणाऱ्या सूत्रावरून, घ्यावं लागतं. न्यूकर्क यांचं 1961 चं प्रतिमान आजही वापरात आहे. त्यानुसार 90 मेगाहर्ट्झची जागा सूर्यपृष्ठापासून साधारण 1 लाख 95 हजार किलोमीटरवर, 45 ची 3 लाख 88 हजारांवर. दोन सेकंदांत 1 लाख 93 हजार किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 96 हजारांच्या वर, प्रकाशाच्या वेगाच्या जवळजवळ एक तृतीयांश. झोत दाट भागातून जात असेल म्हणून प्रतिमानातली घनता दुप्पट धरली, तर हाच वेग 1 लाख 19 हजार होतो. रेषा तीच, आकडा वेगळा. वेगाखाली प्रतिमानाचं नाव नसेल तर मुलांना मी ते उत्तर अपुरं धरायला सांगते.

हीच घसरण तीन-सव्वातीन मिनिटं चालली असती तर वेग सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपास आला असता. तो झोत नव्हे, आघाततरंग, म्हणजे प्लाझ्मातून पुढे सरकणारा दाबाचा धक्का. त्या स्फोटांना टाइप दोन म्हणतात. वाइल्ड आणि मॅक्रेडी यांनी ऑस्ट्रेलियात केलेली ही वर्गवारी 1950 ची.

उंचीचा प्रश्न निरीक्षणानेही सोडवता येतो. कर्नाटकात गौरीबिदनूरला 1997 पासून रेडिओहेलिओग्राफ, म्हणजे रेडिओ लहरींत सूर्याचं चित्र घेणारी दुर्बीण, आहे. स्फोट सूर्याच्या कोणत्या भागातून आला हे ती दाखवते. स्फोट सूर्यबिंबाच्या कडेला असेल तर त्याची उंची बरीचशी थेट मोजता येते. वाटेत लहरी वाकतात आणि विखुरतात, तेवढी दुरुस्ती करायची. मग हिशेब उलटा मांडता येतो: वारंवारतेवरून घनता, चित्रावरून उंची, आणि या जोडीवरून न्यूकर्क यांच्या प्रतिमानाचीच तपासणी.