जमीन आपली, धूर सगळ्यांचा

प्रश्न : माझ्याच माळावरचं वाळलेलं गवत ठरवून जाळायला परवानगी कशाला?

उत्तर : ठिणगी कुंपण मानत नाही, म्हणून. परवाना बहुधा त्या दिवसापुरताच असतो. वारा फिरला तर काडी ओढू नका, मग कितीही तयारी झालेली असो. फ्लोरिडाचा १९९० चा कायदा मला फार आवडतो : असं जाळणं हा तिथे जमीनमालकाचा हक्कच आहे. जाळण्याचं प्रमाणपत्र असलेला माणूस जागेवर, लेखी आराखडा, परवानगी, जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा), पुरेशी माणसं एवढं पाळलं, तर १९९९ च्या दुरुस्तीपासून घोर निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय भरपाई द्यावी लागत नाही. विझला म्हणून सोडलेला बुंधा दुसऱ्या सकाळी आतून लालभडक असलेला मी पाहिलाय. उलट्या हाताने राख चाचपल्याशिवाय तिथून हलू नका.