हातातली पिशवी

"मॅडम, घरात काही कमी नाही, पण सोसायटीच्या गेटातून आत शिरलं की आपणच कमी पडतोय असं वाटतं." समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! त्यातलीच ही एक गोष्ट, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून.

चाळिशीची बाई. नवरा नाशिकला अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर. सिडकोतलं घर विकून गंगापूर रोडला फ्लॅट घेतलेला, त्याचा हप्ता चालू आणि क्रेडिट कार्डावर थकबाकी. कागद दाखवायला तिनं टेबलावर पिशवी ठेवली. महागड्या ब्रँडची, जाड काळ्या कागदाची. एक बंद तुटलेला, आतून चिकटपट्टी लावलेली. आत पासबुकं आणि जेवणाचा डबा.

पिशवीबद्दल विचारलं तर आधी हसली, मग डोळे पुसू लागली. त्या दुकानात खरेदी एकदाच झाली होती, दोन वर्षांपूर्वी.

बाई उधळी मुळीच नव्हती. वस्तू बोलतात, एवढंच तिला नेमकं कळलं होतं. लोक मिरवण्यासाठी खर्च करतात, हे व्हेब्लेन या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं 1899 मध्येच मांडलं. पुढे 1954 मध्ये मानसशास्त्रज्ञ फेस्टिंगर म्हणाला, की माणूस स्वतःला ताडून बघतो ते आपल्यासारख्यांशीच. म्हणून अब्जाधीशाचा बंगला टीव्हीवर बघून हिला काही होत नव्हतं. चौथ्या मजल्यावरच्यांची नवी गाडी मात्र झोप उडवत होती.

तिला एकच काम दिलं. मागच्या वर्षातल्या मोठ्या खर्चांपुढे लिहायचं: कोणी बघणारच नसतं, तर केला असता का?

येवल्याच्या पैठणीपुढे 'नाही' येणार, अशी माझी खात्री. तिनं ठसठशीत 'हो' लिहिलं होतं. "दुपारी कपाट उघडून नुसता पदर बघत बसते." माझाच अंदाज सपशेल चुकला. (समुपदेशकालाही दुसऱ्याची हौस उधळपट्टीच वाटते!) 'नाही' होतं ते भिशीच्या हॉटेलपुढे आणि मुलाच्या वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टपुढे.

पुढची भिशी तिनं घरीच केली, मिसळीची. आदल्या रात्री झोप नाही. एकीनं विचारलं, "केटरर कोण गं?" ही म्हणाली, "सासूबाई."

मुलगा मात्र अजून बाबांच्या जुन्या गाडीतून गेटाच्या अलीकडेच उतरतो. पुढच्या शनिवारी त्यालाही घेऊन येतेय.