पुण्यात पगार जास्त मिळतो का?

प्रश्न: ताई, मी लातूरला इकॉनॉमिक्सचा असिस्टंट प्रोफेसर आहे, अनुदानित कॉलेज. बायको म्हणते पुण्यात जाऊ, तिकडे पगार जास्त. खरंय का?

उत्तर: अहो सर, इकॉनॉमिक्स तुमचं आणि हिशोब मी करू? सातव्या वेतन आयोगात सुरुवातीचा मूळ पगार दोन्हीकडे सारखाच, 57,700. फरक मुख्यतः घरभाडे भत्त्याचा, महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेला की पुण्याला मूळ पगाराच्या 30 टक्के म्हणजे 17,310 आणि लातूरला 10 टक्के म्हणजे 5,770. म्हणजे साडेअकरा हजार जास्त, पण तेवढ्यात कोथरूडला टू बीएचके बघा बरं मिळतोय का, वर डिपॉझिट, पेट्रोल, पोरांची फी वेगळीच. आणि पर्मनंट सोडून तासिकेवर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, तर अजिबात जाऊ नका.