कसोटी मालिका बघायला सुरुवात करताय? एवढं पुरे

पाचही दिवस बसायची गरज नाही. दिवसाचे ९० षटकं, त्यातलं पहिलं सत्र आणि ८० षटकांनंतरचा नवा चेंडू, एवढं बघितलंत तरी मालिका हातातून सुटत नाही. इंग्लंडमधला सामना आपल्याकडे दुपारी ३.३० ला सुरू होतो, मेलबर्नचा पहाटे ५ ला. नुसते हायलाइट्स बघू नका. फलंदाजाला कसं घेरलं, ते त्यात गायब असतं.

विचित्र बाद होण्यावरून वाद पेटला की नवखे लगेच 'चीटिंग' म्हणून मोकळे होतात. आधी हे तपासा:

- चेंडू 'डेड' (खेळाबाहेर) झाला होता का? २०२३ ला लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाच्या ग्रीनचा बाउन्सर सोडून इंग्लंडचा बेअरस्टो क्रीजबाहेर चालू लागला, यष्टिरक्षक कॅरीने स्टंप उडवले. चेंडू जिवंत, म्हणून बाद.
- ते स्टंपिंगच होतं, रनआउट नव्हे: फलंदाज धाव घेत नव्हता आणि यष्टिरक्षकाने एकट्याने उडवलं. नोबॉलवर मात्र असं उडवलं तर स्टंपिंगही नाही आणि रनआउटही नाही, फलंदाज नाबाद. इथे भलेभले चुकतात.
- हाताने चेंडू अडवला तर २०१७ पासून 'क्षेत्ररक्षणात अडथळा' म्हणून बाद. २०२३ ला मीरपूरला बांगलादेशचा मुशफिकुर तसाच बाद झाला.

डीआरएसचं (पंचांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची सोय) गणित, खेळपट्टीची माती वगैरे पुढच्या मालिकेला. सोलापूरच्या पार्क स्टेडियमवर रणजी सामना लागला तर मात्र साइटस्क्रीनच्या (गोलंदाजामागचा मोठा पडदा) बाजूला बसा, चेंडू किती वळतो ते तिथूनच कळतं.